स्पॅनिश नेमकी कुणाची? महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या एका भाषेचा इतिहास

#धागा #इतिहास

१/ साल १९५४. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेपासून फार दूर नसलेले मार्फा नावाचे लहानसे गाव. तेथील ब्लॅकवेल शाळेत मेक्सिकन वंशाची मुले शिकत. एके दिवशी शिक्षकांनी या मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका खोक्यात भरल्या आणि ते खोके शाळेच्या आवारात पुरले. हा अंत्यविधी होता. मृताचे नाव होते 'मिस्टर स्पॅनिश'. त्यानंतर शाळेत कुणी स्पॅनिश बोलायचे नाही, असा त्याचा अर्थ होता.

२/ त्याच दशकात, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधील वेलस्ली महाविद्यालयात होर्खे गियेन हे प्राध्यापक तीच भाषा शिकवत होते. गियेन हे विसाव्या शतकातील स्पॅनिश कवितेतले एक अग्रगण्य नाव. एका ठिकाणी जी भाषा बोलणे हा गुन्हा, तीच दुसऱ्या ठिकाणी सुसंस्कृतपणाची खूण. हे कसे घडले? उत्तर शोधण्यासाठी सुमारे साडेचारशे वर्षे मागे जावे लागते.

३/ १४९२ हे स्पेनच्या इतिहासातील कलाटणीचे वर्ष. २ जानेवारीला ग्रानादा पडले आणि इबेरियातील शेवटची मुस्लिम सत्ता संपली. ३१ मार्चला ज्यूंना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम निघाला. ३ ऑगस्टला कोलंबस पालोस बंदरातून निघाला. आणि १८ ऑगस्टला सालामान्का येथे एक पुस्तक छापून झाले : आंतोनियो दे नेब्रिखा यांचे कास्तीली भाषेचे, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो तिचे, व्याकरण.

४/ प्रस्तावनेत नेब्रिखांनी एक प्रसंग सांगितला आहे. त्यांनी पुस्तकाचा नमुना राणी इसाबेलला दाखवला तेव्हा तिने विचारले, याचा उपयोग काय? प्रश्न रास्त होता. व्याकरण लॅटिनचे असते. बोलीभाषा तर मूल आईच्या मांडीवर शिकते. उत्तर दिले ते शेजारी असलेल्या बिशप तालाव्हेरा यांनी. राणी परक्या लोकांना जिंकील तेव्हा त्यांना जेत्यांचे कायदे स्वीकारावे लागतील आणि कायद्यांबरोबर जेत्यांची भाषाही. ती त्यांनी या पुस्तकावरून शिकावी.

५/ येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'नेब्रिखांनी अमेरिकेसाठी व्याकरण लिहिले' असे सर्रास सांगितले जाते. पुस्तक छापून झाले तेव्हा कोलंबसाला निघून पंधराच दिवस झाले होते आणि अमेरिका कुणाच्या कल्पनेतही नव्हती. नेब्रिखांच्या डोळ्यांसमोर होते ते नुकतेच जिंकलेले ग्रानादा आणि कास्तीलशी व्यवहार करणारे बास्क, फ्रेंच, इटालियन असे शेजारी. मात्र भाषा ही साम्राज्याची सोबतीण आहे, हा त्यांचा मुख्य विचार पुढे भलताच खरा ठरला.

६/ या व्याकरणाचा पाचवा भाग खास परभाषकांसाठी लिहिलेला आहे. म्हणजे 'परकीय भाषा म्हणून स्पॅनिश' या विषयाचा आरंभही येथेच होतो. तरीही त्या काळच्या विद्यापीठांना त्याची गरज वाटली नाही. १२१८ मध्ये स्थापन झालेल्या सालामान्का विद्यापीठात ज्ञानाची भाषा लॅटिनच होती. नेब्रिखांचे लॅटिनचे पाठ्यपुस्तक पिढ्यान्पिढ्या छापले गेले. कास्तीली व्याकरणाची दुसरी आवृत्ती निघायला जवळजवळ अडीचशे वर्षे लागली.

७/ साम्राज्य पसरले तसे एक उलटे चित्रही दिसू लागले. धर्मप्रसारकांनी नेब्रिखांचा साचा हाताशी धरून जितांच्याच भाषांची व्याकरणे लिहिली. आंद्रेस दे ओल्मोस यांनी १५४७ मध्ये मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेचे व्याकरण सिद्ध केले. दोमिंगो दे सांतो तोमास यांचे पेरूतील केचुआचे व्याकरण १५६० मध्ये छापले गेले. लोकांवर आपली भाषा लादायची की त्यांची भाषा शिकून त्यांच्या मनापर्यंत पोहोचायचे, हा पेच साम्राज्याला शेवटपर्यंत सुटला नाही.

८/ हा पेच आपल्या दारापर्यंतही आला होता. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता, म्हणजे गोव्यावरही पर्यायाने त्याचेच राज्य होते. याच काळात फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' (१६१६) आणि कोंकणीचे व्याकरण (१६४०) राशोल येथे छापले गेले. आणि पुढे १६८४ मध्ये, गोवा पुन्हा केवळ पोर्तुगालचा असताना, कोंकणी बंद पाडण्याचा हुकूम निघाला. आधी व्याकरण, मग बंदी. हा क्रम लक्षात ठेवा. तो पुन्हा भेटणार आहे.

९/ आता अटलांटिकपलीकडे जाऊ. ऑगस्ट १७८७ मध्ये टॉमस जेफरसन यांनी पॅरिसहून आपला भाचा पीटर कार याला अभ्यासाविषयी पत्र लिहिले आणि स्पॅनिशकडे विशेष लक्ष दे, असे बजावले. कारणे दोन : स्पेन आणि स्पॅनिश अमेरिकेशी पुढे आपले संबंध वाढणार आहेत, आणि अमेरिका खंडाच्या जुन्या इतिहासाचा मोठा भाग याच भाषेत लिहिलेला आहे. व्यवहार आणि इतिहास, या दोन कारणांचा झगडा पुढची दोन शतके चालला.

१०/ जेफरसन स्वतः स्पॅनिश कसे शिकले? १८०४ मधील एका भोजनप्रसंगी त्यांनी सांगितले की युरोपच्या एकोणीस दिवसांच्या समुद्रप्रवासात एक व्याकरण आणि 'डॉन किहोते'ची प्रत यांच्या आधारे त्यांनी ती भाषा आत्मसात केली. समोर बसलेल्या जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी हे रोजनिशीत टिपून ठेवले आणि पुढे शेरा मारला, त्याचा आशय असा : हे गृहस्थ फार मोठमोठ्या गोष्टी सांगतात! भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला ॲडम्स यांची शंका पटेल.

११/ महाविद्यालयात स्पॅनिशला भक्कम आसन मिळाले ते एका व्यापाऱ्याच्या पैशातून. बोस्टनचे अबिएल स्मिथ १८१५ मध्ये वारले. त्यांनी हार्वर्डमध्ये फ्रेंच आणि स्पॅनिशच्या अध्यापनासाठी २० हजार डॉलर ठेवले होते. या अध्यासनासाठी निवड झाली जॉर्ज टिकनर या तरुणाची. तो तेव्हा जर्मनीत ग्योटिंगन येथे शिकत होता. गंमत अशी की ज्या विषयाचे प्राध्यापक व्हायचे त्या विषयाची त्याची तयारी बेताचीच होती.

१२/ म्हणून टिकनर १८१८ मध्ये माद्रिदला गेले. तेथे होसे आंतोनियो कोंदे हे अरबीचे विद्वान रोज काही तास त्यांच्याबरोबर जुने स्पॅनिश साहित्य वाचत. राजकीय वादळात कोंदे यांची वाताहत झाली होती. अमेरिकेतील स्पॅनिश विद्येच्या मुळाशी असा एक उपेक्षित पंडित आहे. टिकनर १८१९ ते १८३५ हार्वर्डमध्ये होते. त्यांचा स्पॅनिश साहित्याचा तीन खंडांचा इतिहास १८४९ मध्ये निघाला आणि स्पेनमध्येही तो अनुवादून वाचला गेला.

१३/ टिकनर यांच्यानंतर अध्यासनावर आले कवी लाँगफेलो, आणि त्यांच्यानंतर जेम्स रसेल लोवेल. लोवेल तर पुढे अमेरिकेचे राजदूत म्हणून माद्रिदला गेले. पण टिकनर यांचा सर्वात दूरगामी परिणाम झाला तो वर्गाबाहेरच्या एका मित्रावर : विल्यम प्रेस्कॉट. विद्यार्थिदशेत हार्वर्डच्या भोजनगृहात कुणीतरी फेकलेला पावाचा तुकडा डोळ्याला लागून प्रेस्कॉट यांचा एक डोळा गेला होता आणि दुसराही पुढे अधू झाला.

१४/ टिकनर यांनी आपली स्पॅनिश साहित्यावरील व्याख्याने या मित्राला वाचून दाखवली आणि प्रेस्कॉट यांना जन्माचा विषय सापडला. वाचनिकांकडून दप्तरे ऐकत आणि आंधळ्यांसाठी बनवलेल्या लेखनयंत्रावर लिहीत त्यांनी इसाबेल व फर्दिनांद (१८३७), मेक्सिकोची मोहीम (१८४३) आणि पेरूची मोहीम (१८४७) हे इतिहास लिहिले. स्पेन किंवा मेक्सिको त्यांनी कधीच पाहिले नाही.

१५/ हे ग्रंथ आजही वाचनीय आहेत, पण त्यांच्या चौकटीत एक गृहीतक दडलेले आहे. स्पेन म्हणजे धर्मवेडे, एकतंत्री, ऱ्हास पावलेले राष्ट्र. आणि अमेरिका म्हणजे त्याच्या नेमके उलट. इतिहासकार रिचर्ड केगन यांनी यालाच प्रेस्कॉटचा साचा म्हटले आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थी स्पॅनिश शिके तो बहुधा एका भूतकाळाची भाषा म्हणून. शेजारी ती जगणाऱ्या माणसांकडे त्याचे लक्ष नसे.

१६/ १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध झाले आणि क्युबा, पोर्तो रिको, फिलिपाईन्स अमेरिकेच्या ताब्यात आले. आता नेब्रिखांची प्रस्तावना इंग्रजीत राबवली जाऊ लागली. १९०० च्या उन्हाळ्यात सुमारे १३०० क्युबन शिक्षक-शिक्षिकांना जहाजांतून हार्वर्डला आणून इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास शिकवण्यात आला. पोर्तो रिकोच्या शाळांवर इंग्रजी माध्यम लादले गेले. तेथे स्पॅनिशला पूर्ण मान मिळायला १९४९ उजाडले.

१७/ मग स्पॅनिशची अचानक भरभराट झाली ती कशामुळे? १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला, दक्षिण अमेरिकेतील बाजारपेठ खुणावू लागली. पण खरे कारण जर्मन भाषेचे मरण हे होते. १९१५ मध्ये अमेरिकेच्या माध्यमिक शाळांतील सुमारे २४ टक्के विद्यार्थी जर्मन शिकत होते; १९२२ मध्ये एक टक्काही उरले नाहीत. त्याच सात वर्षांत स्पॅनिशचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आतून अकरा टक्क्यांवर गेले. महाविद्यालयांतही हीच लाट पोहोचली.

१८/ युद्धज्वर किती होता पाहा. नेब्रास्का राज्यात रॉबर्ट मायर या शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मन शिकवल्याबद्दल दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. भाषा शिकवणे हा अधिकार आहे, या तत्त्वाचा तो महत्त्वाचा निकाल. एका भाषेवरच्या द्वेषातून दुसरीला विद्यार्थी मिळाले, ही स्पॅनिशच्या भाग्योदयाची अप्रिय बाजू होय.

१९/ विद्यार्थी तर आले. पण शिकवायचे काय? १९१७ मध्ये स्पॅनिशच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 'इस्पानिया' हे तिचे नियतकालिक निघाले. दोन प्रश्न पुढे ठाकले. व्यापारी पत्रव्यवहार शिकवायचा की सर्व्हांतेस? आणि उच्चार माद्रिदचा की मेक्सिकोचा? माद्रिदहून थोर भाषाशास्त्रज्ञ रामोन मेनेंदेझ पिदाल यांनी पत्र लिहून भाषेच्या एकतेचा पुरस्कार केला. त्या एकतेचे केंद्र अर्थातच स्पेन होते.

२०/ मेनेंदेझ पिदाल यांच्या मागे एक नवा स्पेन उभा होता. १९०७ मध्ये नोबेलविजेते शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काखाल यांच्या अध्यक्षतेखाली विद्याविस्ताराचे मंडळ स्थापन झाले. त्यातून १९१० मध्ये माद्रिदला इतिहास-संशोधन केंद्र निघाले आणि त्याच वर्षी लोर्का, दाली, बुन्युएल ज्यात पुढे राहिले ते प्रसिद्ध विद्यार्थी-निवास. १९१२ पासून परदेशी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाले.

२१/ १९१५ मध्ये मारिया दे माएस्तू यांच्या नेतृत्वाखाली मुलींचे निवासही उघडले. अमेरिकेतील स्मिथ या महिला महाविद्यालयाशी त्याचे घनिष्ठ संबंध जुळले. १९३० मध्ये स्मिथच्या विद्यार्थिनी तिसरे वर्ष स्पेनमध्ये शिकायला येऊ लागल्या. इकडे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१६ पासून सालामान्काचे फेदेरिको दे ओनीस होते आणि व्हर्माँटमधील मिडलबरीत १९१७ पासून उन्हाळी स्पॅनिश शाळा भरत होती. तेथे विद्यार्थ्यांनी शिकत असलेल्या भाषेतच बोलायचे, असा दंडक असे.

२२/ देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती. १९२९ च्या जूनमध्ये फेदेरिको गार्सिया लोर्का कोलंबियात इंग्रजी शिकायला आला. इंग्रजी त्याला फारशी आली नाहीच. पण तो हार्लेममध्ये हिंडला, शेअर बाजाराची पडझड त्याने पाहिली आणि त्यातून न्यूयॉर्कवरचा एक थोर कवितासंग्रह जन्मला. तो छापलेला पाहणे मात्र त्याच्या नशिबी नव्हते. संग्रह १९४० मध्ये निघाला. त्याला ऑगस्ट १९३६ मध्येच ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या गेल्या.

२३/ यादवी युद्धाने माद्रिदचे ते सारे विद्यावैभव उधळले आणि त्याचे तुकडे अमेरिकेच्या वर्गखोल्यांत येऊन पडले. कवी पेद्रो सालिनास १९३६ मध्ये वेलस्लीला आले, पुढे जॉन्स हॉपकिन्सला गेले. गियेन १९४० पासून वेलस्लीत. इतिहासकार आमेरिको कास्त्रो प्रिन्स्टनमध्ये. एरवी ज्यांना ऐकायला माद्रिदला जावे लागले असते, ते आता क्रियापदांची रूपे घोकून घेत होते.

२४/ तोमास नाव्हारो तोमास यांची कथा मला विशेष हलवते. इबेरियातील बोलींचा नकाशासंग्रह करण्यासाठी त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे खेडोपाडी फिरून नोंदी करत होते. युद्धात काम थांबले. जानेवारी १९३९ मध्ये नाव्हारो कवी आंतोनियो माचादो यांच्यासोबत फ्रान्सची सीमा ओलांडून गेले. माचादो महिन्याभरातच कोल्यूर येथे वारले. नाव्हारो न्यूयॉर्कला पोहोचले आणि खेड्यांच्या बोलींच्या त्या वह्याही. १९५१ मध्ये त्यांनी त्या स्पेनला परत पाठवल्या. १९६२ मध्ये पहिला खंड निघाला. नाव्हारो स्वतः परत गेले नाहीत.

२५/ एक धागा भारताशीही जोडलेला आहे. सेनोबिया कांप्रुबी यांनी रवींद्रनाथांचे 'द क्रेसेंट मून' १९१५ मध्ये इंग्रजीवरून स्पॅनिशमध्ये आणले आणि पती हुआन रामोन हिमेनेझ यांच्या साहाय्याने पुढे रवींद्रनाथांची अनेक पुस्तके अनुवादली. स्पॅनिश जगाला रवींद्रनाथ मुख्यतः त्यांच्यामुळे कळले. निर्वासित झाल्यावर सेनोबिया मेरीलँड विद्यापीठात स्पॅनिश शिकवत. ऑक्टोबर १९५६ मध्ये हिमेनेझ यांना नोबेल जाहीर झाले. तीनच दिवसांनी सेनोबिया गेल्या.

२६/ या निर्वासितांनी अभ्यासाचा आशयही बदलला. १९४८ मध्ये आमेरिको कास्त्रो यांनी मांडले की स्पॅनिश संस्कृती ही ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू यांच्या सहजीवनातून व संघर्षातून घडली. म्हणजे १४९२ मध्ये स्पेनने ज्यांना हाकलले वा वाकवले, ते स्पेनच्या घडणीचा भाग होते. या मतावर मोठा वाद झाला, त्यातल्या अनेक गोष्टी पुढे दुरुस्तही झाल्या. पण स्वतः हद्दपार झालेल्या माणसाने हे लिहावे, यात काही आश्चर्य नाही.

२७/ आता पुन्हा मार्फाकडे. टेक्सासमध्ये १९१८ च्या कायद्याने शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमातून शिकवण्यास बंदी घातली. अपवाद होता तो वरच्या वर्गांतील परकीय भाषांच्या तासाचा. म्हणजे घरून आणलेली स्पॅनिश हा अपराध आणि पुस्तकातून शिकलेली स्पॅनिश हा विषय! हा कायदा १९६९ पर्यंत टिकला. भाषा एकच होती. फरक बोलणाऱ्याच्या दर्जाचा होता.

२८/ ही विसंगती विद्यार्थ्यांनीच चव्हाट्यावर आणली. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी हजारोंच्या संख्येने शाळा सोडून रस्त्यावर आले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी आवाराचा ताबा घेतला. त्या चळवळींतून चिकानो आणि पोर्तोरिकन अभ्यासाचे विभाग उभे राहिले. स्पॅनिश ही केवळ परकीय भाषा नाही, हे महाविद्यालयांना मान्य करावे लागले. १९७० च्या सुमारास तिने फ्रेंचला मागे टाकले. आज ती तेथील महाविद्यालयांत सर्वाधिक शिकली जाणारी परभाषा आहे.

२९/ आणि तो अंत्यविधी? ब्लॅकवेल शाळा १९६५ मध्ये बंद झाली. अनेक वर्षांनी माजी विद्यार्थी तेथे पुन्हा जमले आणि त्यांनी 'मिस्टर स्पॅनिश'ला प्रतीकात्मक रीतीने जमिनीतून बाहेर काढले. २०२२ मध्ये त्या शाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देणारा कायदा झाला.

३०/ आज आपल्याकडेही अनेक जण स्पॅनिश शिकतात. बहुतेकांचा हेतू नोकरीचा असतो आणि त्यात गैर काही नाही. जेफरसन यांचे पहिले कारण तेच होते. मात्र त्यांचे दुसरे कारणही सोबत असू द्यावे. राणी इसाबेलचा 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपल्या प्रत्येकाला विचारला जातो. त्याला तालाव्हेरांनी एक उत्तर दिले आणि नाव्हारोंच्या वह्यांनी दुसरे. एकाला भाषा जितांवर राज्य करण्यासाठी हवी होती. दुसऱ्याला खेड्यातला माणूस एखादा शब्द नेमका कसा उच्चारतो, ते जपून ठेवायचे होते.

३१/ राशोलच्या छापखान्यापासून मार्फाच्या शाळेपर्यंतचा हा प्रवास एवढेच सांगतो : एखादी भाषा अभ्यासक्रमात आली म्हणजे ती बोलणाऱ्याला मान मिळालाच, असे नाही. पुढच्या वेळी कुणी 'शुद्ध' आणि 'गावंढळ' भाषेची उतरंड रचू लागला, तर हा धागा आठवावा.

काही चूक आढळल्यास जरूर सांगा. दुरुस्ती याच धाग्याखाली जोडीन.